काम तेच, मग हुद्दा ‘हेल्पर’ का?

वाचकांचे प्रश्न : बाईचा पगार, गड्याचा पगार

गेल्या अंकात आम्ही समान वेतनाबद्दल प्रश्न मागवले होते. बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंतची पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सहा वर्षं कोअर शॉपला आहे (कोअर म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा). शेल कोअरच्या मशीनवर मी आणि एक गडीमाणूस, दोघंही पाळीला सारखेच कोअर काढतो. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘हेल्पर’ आणि त्याच्या ‘ऑपरेटर’ असं लिहिलेलं असतं. दिवसाला 140 रुपयांचा फरक आहे. विचारलं की ‘तो जड उचलतो’ म्हणतात. – एक वाचक, मजगाव

ताई, तुमचा पगार कापला गेला तो त्या ‘हेल्पर’ शब्दात. ‘बाई म्हणून कमी देतो’ असं आता कोणी लिहून देत नाही. पुरुषाला एक हुद्दा द्यायचा, बाईला त्याखालचा द्यायचा, की हिशेब कागदावर बिनचूक दिसतो. म्हणून भांडण पगाराच्या आकड्यापासून नको, हुद्द्यापासून सुरू करा.

वेतन संहिता 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1976 चा समान वेतनाचा कायदा तिच्यात विलीन झाला. तिच्या कलम 3 प्रमाणे एकाच मालकाकडे, एकाच आस्थापनेत किंवा तिच्या एखाद्या युनिटमध्ये, तेच किंवा त्याच स्वरूपाचं काम करणाऱ्यांत लिंगावरून वेतनभेद करता येत नाही. ‘त्याच स्वरूपाचं’ ठरवायच्या कसोट्या चार आहेत : कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी. कामाची परिस्थितीही सारखी हवी. बारीकसारीक फरक असला तरी तो व्यवहारात महत्त्वाचा नसेल तर धरायचा नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. हुद्द्याचं नाव या कसोट्यांत कुठेच नाही.

आता एक वही घ्या आणि सलग पंधरा दिवस पाळी संपल्यावर लिहा : तारीख, मशीन, कोणता कोअर, किती काढले, किती बाद झाले. कोअर बॉक्स (कोअरचा साचा) कोण बदलतं, तापमान कोण लावतं, रेझिनची वाळू कोण भरतं, व्हेंट (हवा जायची छिद्रं) कोण साफ करतं, हेही लिहा. तुमचं कौशल्य याच बारकाव्यांत आहे. कोअर कच्चा राहिला तर ओतकामात वायू सुटून कास्टिंगला (ओतीव वस्तूला) भोकं पडतात, जास्त भाजला तर तो ठिसूळ होऊन हाताळतानाच कड तुटते. रंग बघून कोअर बाहेर कधी काढायचा हे ज्या बाईला कळतं ती हेल्पर नव्हे, आणि हे साहेबांसमोर याच शब्दांत सांगता आलं पाहिजे.

‘जड उचलतो’ याचंही माप घ्या. पाळीत किती वेळा, अंदाजे किती किलो आणि किती मिनिटं? कोअर बॉक्स दिवसाला दोनदा बदलला, दोघांनी मिळून किंवा चेनपुलीने उचलला आणि त्याला वीस मिनिटं लागली, तर आठ तासांच्या पाळीत तो फरक महत्त्वाचा नाही. तो रोज दोन-अडीच तास एकटा कोअर बॉक्स चढवत-उतरवत असेल तर मालकाची बाजू तेवढी खरी आहे, आणि त्या कामाचा वेगळा भत्ता तो देऊ शकतो. पण मग तेच काम शिकवायला तुम्हाला कधी विचारलं होतं का, हा प्रश्न लेखी विचारा. प्रशिक्षण आणि बढतीच्या वाटा बंद ठेवून ‘तिला येत नाही’ म्हणणं, हे आम्हाला पगार कापण्याहून वाईट वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा खटल्यात हाच मुद्दा तपासला होता. तिथे स्त्री-स्टेनोंना वेगळ्या नावाखाली वेगळं वेतन होतं. कंपनीने युनियनशी झालेल्या कराराचा आधार घेतला, परवडत नाही असंही सांगितलं. न्यायालयाने दोन्ही कारणं मानली नाहीत.

अर्जात ‘पगारवाढ मिळावी’ असं कधीही लिहू नका. वाढ देणं मालकाच्या मर्जीवर राहतं. ‘समान कामाचं समान वेतन आणि हुद्द्यात दुरुस्ती’ असं लिहा. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. कोणी पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. महिनाभरात उत्तर आलं नाही की कामगार अधिकाऱ्याकडे दावा करा. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. 140 रुपये गुणिले 26 दिवस म्हणजे महिन्याला 3,640 आणि 36 महिन्यांचे 1,31,040. भविष्यनिर्वाह निधी वेगळा. अधिकारी थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. कमी वेतन दिल्याचा दावा असला की देणं पुरं केलं हे मालकाने सिद्ध करायचं असतं. मात्र काम सारखं आहे हे तुम्हालाच दाखवावं लागणार, म्हणून ती वही.

अर्ज देण्याआधी जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवा, सहकारी तयार असेल तर त्याच्याही. तक्रार झाल्यावर त्याचा हुद्दा अचानक ‘सीनियर’ होतो, असं घडतं. आणि त्याला निर्धास्त सांगा : बरोबरी साधण्यासाठी कोणाचाही पगार कमी करायला कायद्याने मनाई आहे. ही भीती घालूनच बरेचदा दोघांत तेढ लावली जाते.

आमच्या पतसंस्थेत मूळ पगार सगळ्या लिपिकांना सारखा आहे. पण पुरुषांना महिना 2,500 रुपये पेट्रोल भत्ता मिळतो, आम्हा तिघींना नाही. ‘त्यांना घर चालवायचं असतं’ असं चेअरमन म्हणाले. – शहापूर, बेळगाव

वेतन म्हणजे नुसता मूळ पगार, असं तुमच्या संचालकांना वाटतंय. इतर काही हिशेबांसाठी वाहनभत्ता आणि घरभाडे भत्ता वेतनातून वगळतात. पण समान वेतनाची तुलना करताना हे दोन्ही आणि जादा कामाचे पैसेही धरायचे, असं संहितेच्या व्याख्येतच म्हटलं आहे. फक्त एक गोष्ट तपासा. ते लिपिक वसुलीला बाहेर जात असतील आणि बिलं लावून पैसे घेत असतील, तर तो कामाचा खर्च झाला. काउंटरवर बसून दरमहा ठोक 2,500 मिळत असतील, तर ते वेतन आहे आणि तुमचंही आहे.

घर कोण चालवतं याचा कायद्यात कुठेही विचार नाही, तो संस्थेनेही करू नये. तुमच्यातली एखादी विधवा असली आणि तो लिपिक अविवाहित असला तर चेअरमन भत्ता उलटा करणार आहेत का?

दर सगळ्यांना सारखा आहे, तरी महिनाअखेर पुरुषाच्या हातात जास्त पडतात कारण तो जास्त वेळ थांबतो. याला अन्याय का म्हणायचं? – मच्छे येथील एक लघुउद्योजक

भाऊ, प्रश्न रास्त आहे, आणि या वादात दोन्हीकडची माणसं इथेच घसरतात. आकडा घेऊन बघू. दोघांचा पगार 26 दिवसांचा 15,600. म्हणजे दिवसाला 600, तासाला 75. जादा कामाला किमान दुप्पट, म्हणजे तासाला 150. त्याने महिन्यात 40 तास जादा केले की 6,000 वाढले. त्याला 21,600, तिला 15,600. फरक जवळपास 28 टक्के. हा वेतनभेद नव्हे. सरसकट सरासरी काढून ‘बायकांना 28 टक्के कमी देतात’ म्हणणं चूक ठरेल.

पण पुढचा प्रश्न सोडू नका. ते 40 तास तिला विचारले होते का? कंपनीची गाडी सहाला सुटते आणि जादा काम सहानंतर सुरू होतं, असं असेल तर तिने नाकारलं म्हणता येत नाही. तिला ते मिळालंच नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. श्रीमंत देशांत आज उरलेला फरक मोठ्या प्रमाणात एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांत आहे आणि तो पहिल्या मुलाच्या जन्मानंतर उघडतो, असं त्यांनी दाखवलं. लांब आणि अवेळी तासांना जादा मोल देणाऱ्या कामांत तो वाढतो. मच्छेच्या शेडमध्येही कारण तेच आहे, फक्त आकडे लहान.

करण्यासारखं बरंच आहे. जादा कामाची नोंदवही ठेवा आणि ‘विचारलं, हो किंवा नाही’ असा रकाना काढा. दुसरी गाडी साडेआठला सोडा. शनिवारचे जादा तास दिवसा लावा. वर्षातून एकदा एकाच ग्रेडमधले, दोन वर्षांच्या फरकात लागलेले स्त्री-पुरुष शेजारी लिहून फक्त तासाचा दर ताडा. सगळ्या कारखान्याची सरासरी काढू नका, त्यात मॅनेजर आणि झाडूवाली एकत्र येतात आणि हाती काहीच लागत नाही. बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या रजेवर असलेलीची वार्षिक वाढ त्या वर्षी हुकली का, हेही बघा. बहुतेक ठिकाणी फरकाचा पहिला धागा तिथेच सापडतो.

भांगलणीला (तण काढायला) बाईला 300 देतो, गड्याला 500. सगळं गाव हेच देतं. माझं चुकतं का? – शेतकरी, खानापूर तालुका

तुमच्या पत्रात बायका 10 ते 5 आणि गडी 8 ते 5 आहेत, दोघांना तासाभराची सुट्टी. म्हणजे बाईला सहा तासांचे 300, तासाला 50. गड्याला आठ तासांचे 500, तासाला साडेबासष्ट. बाईला तोच तासाचा दर दिला तर 375 होतात. 200 च्या फरकातले 125 तासांचे आहेत, ते कोणी मागत नाही. राहिलेले 75 मात्र तिच्या बाई असण्याचे कापले जातात.

नांगरट, बांध घालणं, पोती वाहणं यांचा दर वेगळा असू शकतो, ती कामंच वेगळी. पण भांगलणीत एकाच सरीत दोघं बसले की दर एकच हवा. भाताच्या रोप लावणीत तर बायकांचा हात जास्त चालतो, तिथे गुत्त्याने (ठोक्याने) काम दिलंत तर त्यांना जास्त पडेल. गुत्तं ठरवताना गुंठ्यावर ठरवा आणि पैसे प्रत्येकीच्या हातात द्या, मुकादमाच्या किंवा नवऱ्याच्या नको. ‘सगळं गाव हेच देतं’ याला उत्तर : रोजगार हमीच्या कामावर कर्नाटकात 2024-25 मध्ये दिवसाला 349 रुपये होते, बाईला आणि गड्याला तेवढेच. त्याच गावात.

निपाणीत आम्ही सगळ्याच बायका बिडी वळतो. समान वेतनाचा आम्हाला काय उपयोग?

थोडाच. तुलनेला पुरुष नसला की हे कलम लंगडं पडतं, आणि बायकांनी भरलेल्या धंद्यांचा दर मुळातच खाली राहतो, त्यावर ते काही करू शकत नाही. तुमचं हत्यार किमान वेतन आहे. हजारी दर (हजार बिड्यांचा) सरकारने जाहीर केलेल्या दराशी ताडा. पानं आणि तंबाखू वजन करून घ्या, कमी माप आलं तर तूट तुमच्या पदरात पडते. छाट (खराब म्हणून नाकारलेल्या) बिड्या किती आणि का, हे त्याच दिवशी कार्डावर लिहून घ्या. कार्ड तुमच्याच नावावर असू दे.

राहते चंदगड तालुक्यात, काम बेळगावात. तक्रार कुठे? आणि मराठीत चालेल का?

काम जिथे, तिथलं सरकार. घर महाराष्ट्रात असलं तरी कारखाना बेळगावात म्हणजे कर्नाटकचं किमान वेतन आणि कर्नाटकचा कामगार खात्याचा अधिकारी. निपाणीहून कागलच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांना उलटं, त्यांनी कोल्हापूरला जायचं. मालकाच्या दोन राज्यांत दोन शाखा असतील तर तुलना आपल्याच शाखेतल्या माणसाशी करा. पलीकडच्या शाखेतला दर दाखवून केलेला दावा सहज कोसळतो.

मराठीत अर्ज द्यायचा हक्क आहे. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. तरीही सोबत कन्नड अनुवाद जोडा, नाहीतर कागद भाषांतराच्या नावाखाली टेबलावर पडून राहतो आणि मुदत तुमची सरत जाते. अनुवादाच्या प्रत्येक पानावर सही करा, रकमा आणि तारखा दोन्हींत जुळतात का ते स्वतः बोट ठेवून पाहा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. फोन 15100.