नवरा म्हणतो दोन्ही बेज सेमच आहेत

अगं, आधी शांत हो. हॉलसाठी दोन बेज शेड्स काढल्यात, पेंटर सोमवारी येतोय, नवरा म्हणतो दोन्ही सेमच आहेत कुठलीही मार, आणि तुला झोप नाही. नवऱ्यावर फार चिडू नकोस, शेड कार्डवरच्या एवढ्याशा चौकोनात त्या सेमच दिसतात. पांढऱ्याशुभ्र कागदावर दोन्ही पट्ट्या शेजारी ठेव, एक गुलाबीकडे झुकलेली आणि दुसरी पिवळटकडे हे लगेच दिसेल, आणि अख्ख्या भिंतीवर तीच झाक अंगावर येते.

तुझी जुनी भिंत पिस्ता कलरची आहे लिहिलंयस ना, मग त्यावर डायरेक्ट सॅम्पल मारून बघूच नको, हिरव्याच्या मधोमध कुठलाही बेज गुलाबी वाटतो, आणि तू उगाच घाबरून भलतीच शेड उचलशील. छोटं सॅम्पल आण, पांढऱ्या कार्डशीटवर कडेने पांढरं सोडून दोन हात मार, नीट वाळू दे (ओल्या रंगावर मत बनवायचं नाही) आणि शीट खाली टाइल्सला टेकवून उभी कर. सकाळी बघ, चार वाजता पश्चिमेचं ऊन आत आलं की बघ, आणि मुख्य म्हणजे रात्री लाइट लावून बघ, कारण 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली आणि 3000 च्या पिवळ्या लाइटखाली तोच रंग वेगळा दिसतो.

माझं विचारशील तर पिवळट घे. तुझ्या टाइल्स आयव्हरी आहेत, त्यांच्याशेजारी गुलाबी बेज कायम जरा मळका वाटेल, आणि बल्ब बदलता येतो, टाइल्स कोण उखडणार! संध्याकाळच्या उन्हात फारच पिवळी वाटली तर त्याच पट्टीवरची एक घर फिकी घे.

नवऱ्याला रात्री सोफ्यावर बसवून एकदाच विचार, काय ते आत्ता बोल, नंतर "मी म्हटलं होतं" चालणार नाही. सासूबाईंना तर विचारूच नको, तिसरी शेड निघेल.

मशीनवर मिक्स केलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून घाईत ऑर्डर देऊ नको. सगळे डबे एकदमच मिक्स करून घे आणि शेड कोडचा फोटो काढून ठेव, टचअपला लागतो. पेंटर सोमवारी आलाच तर त्याला सीलिंग घासायला लाव, तेही करायचंच आहे.