वाचक विचारतात : जहाजावरची तोफ जमिनीवर

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (तिथल्या डच वंशाच्या बोअर लोकांविरुद्ध) इंग्रजांनी युद्धनौकांवरच्या तोफा उतरवून थेट रणांगणावर नेल्या असे वाचले. डेकला बोल्टने आवळलेली तोफ मातीवर टिकते कशी?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : खरा प्रश्न तोफेचा नसून बैठकीचा, म्हणजे तोफ ज्यावर बसते त्या आधाराचा असतो. तेव्हा उतरवलेल्या 4.7 इंची (नळीचा आतला व्यास) तोफेचा गोळा 45 पौंडांचा, म्हणजे 20.4 किलोचा. नळीतून सुटताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 650 मीटर. नळीचे वजन साधारण 2,080 किलो. हिशोब मांडला तर मोकळी सोडलेली नळी सेकंदाला 6.4 मीटर वेगाने मागे येईल, आणि यात दारूच्या वायूचा धक्का धरलेलाच नाही. जहाजावर हा धक्का द्रव भरलेल्या सिलिंडरमध्ये मुरतो, उरलेला बैठकीतून डेकमध्ये आणि पुढे हजारो टनांच्या सांगाड्यात जातो. जमिनीवर त्या सांगाड्याची जागा घेणारे काहीतरी आपल्यालाच उभे करावे लागते.

'टेरिबल' या क्रूझरचे कप्तान पर्सी स्कॉट यांनी 1899 मध्ये 14 फूट लांब आणि 12 इंच चौरस अशा चार तुळया घेतल्या, त्यांची दुहेरी फुली केली आणि मधोमध बैठक बोल्टने जखडली. उपाय साधा, पण फार विचाराचा आहे. तोफ कुठल्याही दिशेला वळवा, मागे रेटा घ्यायला लाकूड असतेच. 'पॉवरफुल' या जहाजाने या तोफा दरबानला पोचवल्या आणि 30 ऑक्टोबर 1899 रोजी त्या लेडीस्मिथ या आतल्या गावी आल्या. त्यांची गरज होती, कारण बोअरांच्या 155 मिलिमीटरच्या 'लाँग टॉम' तोफेपुढे इंग्रजांच्या मैदानी तोफांचा पल्ला तोकडा पडत होता.

अशी बैठक बिघडते ती बहुधा खालच्या मातीमुळे. तुळयांखालची मातीची भर धुमसाने नीट ठोकलेली नसेल, तर काही बारांतच एक बाजू खचते. बैठक कलली की गोळा खचलेल्या बाजूला सरकतो, आणि पल्ला जितका लांब तितकी चूक मोठी. म्हणून पाणसळ लावून बघायची, भर पुन्हा ठोकायची आणि बोल्ट आवळायचे.

प्रश्न : बुडालेल्या जहाजाच्या तोफाही वापरल्या गेल्या का? – नाशिकरोड

उत्तर : हो. जर्मन क्रूझर 'क्योनिग्सबर्ग' 11 जुलै 1915 रोजी पूर्व आफ्रिकेतल्या रुफिजी नदीच्या मुखाशी संपली. तिच्या दहाही 10.5 सेंटिमीटर तोफा जर्मनांनी काढून जमिनीवरच्या लढाईत वापरल्या. त्यांतली एक आज केनियातल्या मोम्बासाच्या फोर्ट जीझस किल्ल्यात आहे. तिच्या शेजारी 'पेगॅसस'ची तोफ ठेवलेली आहे, म्हणजे 'क्योनिग्सबर्ग'नेच झांझिबारला बुडवलेल्या ब्रिटिश जहाजाची.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या आवारात जुनी तोफ आहे, जहाजावरची म्हणतात. ओळखायची कशी? पावसाळ्यात नळीत पाणी साचते. – गंगापूर रोड

उत्तर : नळीत काही अडकलेले दिसले तर हात लावू नका, आधी पोलिसांना कळवा. ती रिकामी आहे याची खात्री झाल्यावरच पुढचे काम.

नळीच्या आत गोळ्याला फिरकी देणाऱ्या खाचा असतात. व्यास त्या खाचांच्या तळापासून मोजू नका, खाचांमधल्या उंच कडांपासून मोजा, नाहीतर आकडा मोठा येतो. 76 मिलिमीटर भरला तर 12 पौंडी (हे नाव गोळ्याच्या वजनावरून), 120 भरला तर 4.7 इंची, 152 भरला तर 6 इंची असण्याची शक्यता. नुसत्या व्यासावर निकाल देऊ नका, ब्रीचजवळचा (नळीच्या मागच्या, गोळा भरायच्या टोकाजवळचा) ठसा वाचा. '12-1-14' असे कोरलेले असेल तर ते वजन आहे : 12 हंड्रेडवेट, 1 क्वार्टर, 14 पौंड. हंड्रेडवेट 112 पौंडांचा आणि क्वार्टर 28 पौंडांचा, म्हणजे एकूण 1,386 पौंड, जवळपास 629 किलो.

पाण्यासाठी तोंड दोन-तीन अंश खाली झुकवा. तोंडात सिमेंट भरू नका, कडेने ओल धरून आतून गंज चढतो. घट्ट लाकडी बूचही नको, नळीला आतून घाम येतो; त्याऐवजी बारीक जाळी बसवा. रंगकाम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा. गंज तारेच्या ब्रशने काढा, वाळूच्या फवाऱ्याने ठसे पुसले जातात. मग झिंक प्रायमर आणि वर रंगाचे दोन पातळ हात. आकड्यांवर रंग साचला तर तो ओला असतानाच फडक्याने टिपून घ्या.