टॉन्सिल्स काढल्यावर चौथ्या दिवशी दुखणं वाढलं तर

ताई, तुम्ही विचारलंत की लेकीचे टॉन्सिल्स काढून चार दिवस झाले, दुखणं वाढलंय, ती पाणी पीत नाही, सासूबाई मध द्या म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात कोकणात लग्नाला जायचंय, तर काय करावं. चौथ्या दिवशी दुखणं वाढणं नेहमीचंच आहे. घशातले पांढरे चट्टे म्हणजे पू नव्हे, टॉन्सिल काढलेल्या जागी धरलेली ती ओली खपली. तोंडाला वास त्यामुळेच. कान दुखतो तोही बहुधा घशापायीच, कारण दोन्हीकडे एकाच नसेच्या फांद्या जातात. कानात तेल मात्र घालू नका.

लेक पाणी पीत नाही, हे मला जास्त काळजीचं वाटतं. घसा कोरडा पडला की दुखणं आणखी चढतं. म्हणून दुखण्याचं औषध रडायला लागल्यावर नव्हे, घड्याळ लावून द्या. डोस वजनावर ठरतो, तेव्हा चिठ्ठीतलाच. आमच्या मुलाला औषधानंतर अर्ध्या तासाने जेवायला बसवायचो, मग मऊ भात-वरण कुरकुर न करता उतरायचं. अधूनमधून चमचा-चमचा पाणी. नुसत्या आइस्क्रीमवर ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. चावून गिळण्याने घसा मोकळा राहतो. आंबट-तिखट झोंबतं. लाल सरबत नको, उलटी झाली तर रक्त की रंग कळत नाही. सात-आठ तास लघवी झाली नाही तर डॉक्टरांना गाठा.

सासूबाईंचा मध चालेल, गरम गुळण्या नकोत. अ‍ॅस्पिरिन नाही, आणि घरातलं कोडीनवालं खोकल्याचं औषध तर मुळीच नाही. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं झपाट्याने मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं जालीम गुंगीचं औषध, होतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2013 मध्ये याबद्दल कडक इशारा दिला होता.

रक्तस्रावाची भीती पहिल्या 24 तासांत आणि पुढे साधारण 5 ते 10 व्या दिवशी, खपली सुटताना. झोपेतलं मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. रात्री सारखे घोट गिळताना दिसली तर उठवून बॅटरीने घसा बघा. थुंकीत बारीक रेघ दिसली तर डॉक्टरांना फोन करा. ताजं लाल रक्त, गुठळी किंवा काळपट उलटी असेल तर थेट मोठं हॉस्पिटल. वाटेत रक्त थांबलं तरी परत फिरू नका. पुढे झुकवून बसवा, थुंकू द्या, खायला-प्यायला काही देऊ नका.

पुढच्या आठवड्यातलं कोकणातलं लग्न? तुम्ही जा, लेकीला आणि तिच्याजवळ कुणालातरी घरी ठेवा. दोन आठवडे तरी रात्री-अपरात्री हॉस्पिटल हाताशी हवं, आणि घाटात ते नसतं.