तलावात पोहताय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही चार-पाच जण रोज सकाळी तलावात पोहतो. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड दिसतात. तरी परवा ‘ई. कोलाय वाढले, पोहू नका’ असा बोर्ड लागला आणि दोन दिवसांत निघालाही. आम्ही काय समजायचं?

अहो, नितळ दिसणं वेगळं आणि जंतू नसणं वेगळं. ई. कोलाय माणसांच्या नि जनावरांच्या आतड्यातले, त्यातले बरेचसे स्वतः काही करत नाहीत, पण ते सापडले म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळलीय, आणि मग नोरोव्हायरस, जिआर्डिया असली पोट बिघडवणारी मंडळीही सोबत असू शकतात, त्या प्रत्येकाची वेगळी टेस्ट करत बसणं परवडत नाही म्हणून ई. कोलाय मोजतात. अमेरिकेच्या ईपीएच्या (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) 2012 च्या शिफारशीत 100 मिली पाण्यात ई. कोलायची सरासरी 126 पर्यंत (साधी नाही, भूमितीय सरासरी, म्हणजे एखाद्या फार मोठ्या आकड्याने ती फारशी फुगत नाही) आणि 410 च्या वर दहा टक्क्यांहून जास्त सॅम्पल जाता कामा नयेत असं आहे.

आता खरी गोची. नेहमीच्या टेस्टमध्ये जंतू वाढवून मोजावे लागतात, त्याला 18 ते 24 तास जातात. म्हणजे आज बोर्डावर दिसतं ते कालचं पाणी! मधल्या वेळात ऊन पडलं तर जंतू मरतात, पाऊस आला तर वाढतात. क्यूपीसीआरने (जंतूंचा डीएनए मोजणारी टेस्ट) काही तासांत कळतं, पण ते मशीन आणि माणसं सगळीकडे कुठून आणणार. म्हणून माझं मत विचाराल तर बोर्डापेक्षा आधी पाऊस बघा. जोराचा पाऊस झाला की रस्ते, शेतं, गटारं यांचं सगळं पाणी वाहून तलावातच येतं, तेव्हा निदान दोन दिवस, तीन मिळाले तर उत्तमच, पाण्यात उतरू नका. नाला जिथे मिळतो त्या कोपऱ्यात तर एरवीही नको. आणि सॅम्पल कुठून घेतात तेही विचारा हं, लोक पोहतात तिथून, साधारण फूटभर खोलीवरून घ्यायला हवं, खोल पाण्यातून आणलेलं छान रिझल्ट देईल पण पोरं खेळतात ती कडेची जागा वेगळीच असते.

प्रश्न: उन्हाळ्यात कडेला हिरवा थर येतो. शेवाळच ना?

असेलही, नसेलही. काठी फिरवा, केसांसारखे लांब धागे वर आले तर बहुधा साधं शेवाळ. रंग सांडल्यासारखं दिसलं, काठीला तसंच माखलं तर सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) असण्याची शक्यता जास्त. त्यातले काही मायक्रोसिस्टिन नावाचं विष करतात (ईपीएची 2019 ची मर्यादा लिटरला 8 मायक्रोग्रॅम) आणि विष आहे की नाही ते डोळ्यांनी कळत नाही, लॅबच लागते. असं पाणी उकळूनही उपयोग नाही, विष तसंच राहतं. कुत्र्याला तर अजिबात सोडू नका, ते पोहून आल्यावर अंग चाटतं आणि त्यात कुत्री मेलीयत.

प्रश्न: घरी किट आणून तपासलं तर?

पीएच, गढूळपणा बघायला ठीक. जंतूंची किटंही मिळतात, पण एका दिवसाच्या एका बाटलीवरून ‘सेफ’ म्हणू नका, आकडे रोज बदलतात. दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी घेऊन वहीत पावसासकट लिहून ठेवलंत तर मात्र दोन-तीन महिन्यांत तुमच्या तलावाचा स्वभाव कळायला लागेल.