स्नोब्लोअर घ्यावा, की कंत्राटच चालू ठेवावं?

तुमच्या पत्रातला हिशेब आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही कळेल. ड्राइव्हवे वीस मीटर लांब, पाच मीटर रुंद. गेल्या हिवाळ्यात बर्फ काढण्याचं काम हंगामाच्या कंत्राटावर दिलं होतं आणि कंत्राटदार चौदा वेळा आला. यंदा त्याने दर एक तृतीयांशाने वाढवलाय, शिवाय सगळे पैसे आगाऊ मागतोय. यजमानांच्या मनात स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून बाजूला उडवणारं यंत्र, घ्यायचंय. त्याची किंमत गेल्या वर्षीच्या दराने तीन हंगामांइतकी. दीर म्हणतात, ड्राइव्हवे उखडून खाली तापणाऱ्या केबल टाका, कर्ज मिळतंय. त्याचा खर्च चौदा हंगामांइतका.

आणि ताजा कलम म्हणून तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: यजमान महिन्यातले पंधरा दिवस कामासाठी बाहेरगावी असतात, तुमच्या कमरेचं दुखणं जुनं आहे आणि तीन वर्षांत बदलीची शक्यता आहे. माझं उत्तर या ताज्या कलमावरच ठरलं.

कागदावर यंत्र स्वस्तच दिसतं. गेल्या वर्षीच्या हंगामाची रक्कम १ धरू. यंदाचं कंत्राट १.३३, यंत्राची किंमत ३. पेट्रोल, तेल, पट्टा, तुटणाऱ्या पिना आणि वर्षाची देखभाल मिळून मी ०.१७ धरतो. म्हणजे दर हिवाळ्याला १.१६ वाचतात आणि तिसऱ्या हिवाळ्यात किंमत वसूल होते. यजमानांचं गणित एवढंच आहे, आणि त्यात चूक नाही.

पण ते गणित रोज घरी असणाऱ्या माणसाचं आहे. चौदांपैकी निम्म्या वेळा ते घरी नसतील असं धरा. त्या सात खेपांना कोणाला तरी बोलवावंच लागेल. तुमच्या कंत्राटदाराचा सुटा दर खेपेला ०.१ आहे, म्हणजे ०.७ तिथे गेले. उरली वर्षाची बचत ०.४६. आता किंमत वसूल व्हायला सहा हिवाळ्यांहून जास्त लागतात, आणि तुम्ही त्या घरात राहणार कदाचित तीन. विकताना थोडे पैसे परत येतील, पण खड्डा भरण्याइतके नाहीत.

मग पंधरा दिवस फावड्याने भागवू, हा विचार मनात येत असेल तर तो काढून टाका. शंभर चौरस मीटरवर वीस सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे वीस घनमीटर. ताजा, हलका बर्फसुद्धा घनमीटरला साधारण १०० किलो भरतो, म्हणजे दोन टन. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. त्यात रस्ता साफ करणारी गाडी जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा जो बांध टाकून जाते, तो सगळ्यात जड आणि घट्ट. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि सकाळी उठल्या-उठल्या हातांनी जड उचलणं हृदयावर ताण आणतं. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे असंही तुम्हीच लिहिलंय. हा खर्च माझ्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून तो टाळायचा.

दिरांच्या केबलबद्दल फार लिहीत नाही. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. दोन टनांचे झाले जवळपास १८५ युनिट, तेही एका बर्फवृष्टीचे, आणि जमिनीत व हवेत वाया जाणारी उष्णता न धरता. शिवाय अशा केबलना चौरस मीटरला तीनशे-चारशे वॅट लागतात. तुमच्या आकाराला ते तीस-चाळीस किलोवॅट होतं, घरच्या जोडणीला ते झेपेल का हा वेगळाच प्रश्न. वर कर्ज सात वर्षांचं. बदली झाली तर पांढरा हत्ती नव्या मालकाच्या दारात आणि हप्ता तुमच्या खात्यात.

तेव्हा यंदा कंत्राटच. सुटा दर घ्यायचा की हंगामाचा? तेरा खेपांपर्यंत सुटा दर स्वस्त पडतो, त्यापुढे हंगामाचा. हिवाळा हलका गेला तर सुट्या दरात तुमचा फायदा. पण तुमच्याकडे बाजूला पडलेले पैसे दोन महिन्यांच्या खर्चाइतकेच आहेत. बर्फ जास्त पडला म्हणून बिल अचानक वाढावं, हे त्या शिलकीला परवडणारं नाही. हंगामाचा दर म्हणजे एक प्रकारचा विमाच. तो घ्या.

फक्त सगळे पैसे आगाऊ देऊ नका. तीन हप्ते मागा: सुरुवातीला, मध्यावर, शेवटी. कंत्राटदार हंगामाच्या मध्यात दिसेनासा होण्याची भीती आगाऊ पैसे दिल्यावरच असते. लेखी घ्या की किती सेंटिमीटरला तो येणार (पाच ठीक आहे), सकाळी किती वाजेपर्यंत, तोंडाशी पडलेला बांध काढायला पुन्हा येणार का, आणि पात्याने कुंपण किंवा फरशी तुटली तर भरपाईचा विमा त्याच्याकडे आहे का. हप्त्यांना तो तयार नसेल तर दुसरा पाहा, पण बर्फ पडायच्या आधी. वादळाच्या आदल्या रात्री सौदा करता येत नाही.

दारापुढच्या पायऱ्यांसाठी हलकं, ढकलायचं फावडं आणि वाळूची बादली ठेवा. साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसं काम करत नाही, आणि नव्या काँक्रीटला ते खातं.

बदली रद्द झाली आणि यजमानांचे दौरे थांबले, तर यंत्राचा विषय जरूर पुन्हा काढा, पण वसंतात. तेव्हा लोक गॅरेज मोकळं करायला वापरलेली यंत्रं विकतात. घेण्याआधी समोर चालू करून बघा. मी माझ्या पहिल्या यंत्रात उन्हाळाभर पेट्रोल तसंच ठेवलं होतं, आणि पहिल्या बर्फाच्या दिवशी कार्ब्युरेटर चिकटलेला निघाला. दुरुस्तीवाल्याकडे माझ्याआधी अकरा जण रांगेत होते.

शेजाऱ्यांबरोबर अर्धी-अर्धी मालकी, ही तुमची शेवटची कल्पना मला पटत नाही. बर्फ दोन्ही घरांपुढे एकाच सकाळी पडतो.