गृहभेटीला निघण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ‘लोकांना मदत करायला आवडतं म्हणून समाजकार्यात यायचंय,’ असं तू लिहिलंस. हे वाक्य प्रवेशाच्या मुलाखतीत बोलू नकोस. समोरच्यांनी ते त्या दिवशी वीस वेळा ऐकलेलं असतं आणि त्यातून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. त्यापेक्षा हे काम रोज कसं चालतं ते आधी बघ.

एकच प्रकरण घेऊ. स्टेशनवर अकरा वर्षांचा मुलगा एकटा सापडतो. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, आणावं लागतं. समिती त्याची तात्पुरती सोय बालगृहात करते आणि सामाजिक तपासणीचा, म्हणजे त्याच्या घरच्या परिस्थितीच्या चौकशीचा, आदेश काढते. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे ती 15 दिवसांत पुरी व्हायला हवी. मुलगा घरी जाणार की संस्थेत राहणार, हे बरंचसं त्या अहवालावर ठरतं. तो अहवाल लिहिणारी तू.

आता घर गाठायचं. सरकारी पाटी लावलेली गाडी थेट दाराशी नेऊ नकोस; संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत बभ्रा होतो आणि मुलगा परतल्यावर त्याला ते भोगावं लागतं. पोहोचल्या पोहोचल्या फॉर्म काढू नकोस. पाणी पी, बस, कोण कुठे झोपतं, चूल कुठे आहे ते बघ. ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ हा प्रश्न मजुराच्या घरात निरुपयोगी. दिवसाची मजुरी किती, गेल्या महिन्यात किती दिवस काम लागलं, मुकादमाकडून किती उचल (आगाऊ रक्कम) घेतली आहे, असं विचार. उचल उत्पन्नाच्या रकान्यात कुठेच दिसत नाही, पण घर तिच्यावरच चाललेलं असतं. बीडकडच्या एखाद्या गावात दिवाळीनंतर गेलीस आणि दाराला कुलूप दिसलं, तर ‘पालक बेपत्ता’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. ते ऊसतोडीला गेले असतील. कोणत्या कारखान्यावर, हे गावात कुणालातरी ठाऊक असतंच. आई-वडिलांशी वेगवेगळं बोल. शाळेत जाऊन हजेरीपट बघ; मुलगा शेवटचा कोणत्या तारखेला आला, हे कुणाच्या आठवणीपेक्षा तिथे नेमकं मिळतं. शक्य असेल तर वेगळ्या वेळी दुसरी भेट दे.

नवखे सर्वांत जास्त चुकतात ते लिहिताना. ‘वडील व्यसनी व बेजबाबदार’ हे तुझं मत झालं, निरीक्षण नव्हे. ‘दुपारी 3 वाजता वडील घरी झोपलेले होते, तोंडाला दारूचा वास होता, आठवड्यातून दोन-तीनदा पितात असं आई म्हणाली, शेजाऱ्यांनी बोलायला नकार दिला’ असं लिही. पाहिलेलं, ऐकलेलं (कुणाकडून, तेही) आणि स्वतःचं मत, हे तीन वेगळे परिच्छेद ठेव. टिपणं त्याच संध्याकाळी उतरव. दोन दिवसांनी आठवणीला आपोआप चांगलं व्याकरण येतं आणि मूळ शब्द गळतात.

मुलाला ‘मी तुला घरी नेते’ असं कधी म्हणायचं नाही. तो निर्णय समितीचा. ‘कुणाला सांगणार नाही’ हेही नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, आणि मग मुलाच्या लेखी तू खोटी ठरतेस. मुलाचा फोटो संस्थेच्या ग्रुपवर टाकणं तर सरळ गुन्हा. खिशातून पैसेही देऊ नकोस. पुढच्या भेटीत बोलणं तिथूनच सुरू होतं.

सरकारी रुग्णालयांत समाजकार्याचंच शिक्षण घेतलेली माणसं ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणून बसतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आजार बसतो का, हे ती बघतात. बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयाशी बोलतात, कारण तिथे 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. हे आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाचा फोन रुग्णालय लवकर ठेवत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात: कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यावर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. मुंबईत 1936 साली सुरू झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तिचं ग्रामीण केंद्र तुळजापूरला. शिवाय मुंबईतलं निर्मला निकेतन, पुण्यातली कर्वे समाज सेवा संस्था. नाव बघून भुलू नकोस. फील्डवर्क आठवड्यातून किती दिवस, तुझं रेकॉर्डिंग (त्या कामाची लेखी नोंद) कोण वाचतं आणि त्यावर दर आठवड्याला समोर बसून बोलतं का, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचार. जिथे रेकॉर्डिंगवर नुसती सही होते ते कॉलेज सोड. नोकऱ्या पुष्कळदा 11 महिन्यांच्या कंत्राटी असतात, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेव.

प्रवेशाला अवकाश आहे तोवर एक कर. वस्तीतल्या एखाद्या निराधार बाईचा संजय गांधी योजनेचा अर्ज तिच्यासोबत जाऊन भर. तलाठ्याकडे किती खेपा झाल्या, कोणता कागद कुठे अडला, ते तारखेसह वहीत लिही. ती वही मला पाठव, मग मुलाखतीत काय बोलायचं ते ठरवू.