तिसरं स्मरणपत्र नको, आधी नस्ती (फाईल) बघा

तुमची पोस्ट वाचून माझेच जुने दिवस समोर आले. सिंधुदुर्गात वरिष्ठ लिपिक, ज्येष्ठता यादीत नाव वर, तरी खालच्या दोघांचे पदोन्नतीचे आदेश निघाले आणि तुम्हाला मात्र "प्रस्ताव वर गेलाय" एवढंच उत्तर. आता तिसरं स्मरणपत्र द्यावं का, असं तुम्ही विचारताय. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका.

मी वकील नाही, अनुभवाचं सांगतो. पदोन्नती मिळण्याचा हक्क नसतो, पण पात्र असताना विचार होण्याचा हक्क असतो, आणि तो राज्यघटनेच्या कलम 14 व 16 मधून येतो. तेव्हा पहिला प्रश्न हा, की पदोन्नती समितीच्या बैठकीत तुमचा विचार झाला का, आणि झाला असेल तर नाव का वगळलं. हे स्मरणपत्राने कधीच कळत नाही.

मलाही वर्षानुवर्षं "वर गेलाय" हेच ऐकवलं जायचं. शेवटी माहिती अधिकारात नस्तीचं अवलोकन मागितलं. टिपणीत माझ्या नावापुढे एक ओळ होती: "दोन वर्षांचे गोपनीय अहवाल अप्राप्त, सबब विचार करता आला नाही." खाली तिघांच्या सह्या. अहवाल लिहायचे होते ते साहेब बदली होऊन गेले, पुढे निवृत्त झाले. कार्यालयाने त्यांना एक पत्रही लिहिलेलं नस्तीत नव्हतं, मला कळवणं तर दूरच. रोज ज्या आस्थापना शाखेसमोरून मी जात होतो तिथेच ती नस्ती कपाटात पडून होती. याचा राग अजून गेलेला नाही. कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामाचा हा अहवाल लिहिणं हे प्रतिवेदन अधिकाऱ्याचं, म्हणजे त्याच्या वरिष्ठाचं काम. त्याने ते केलं नाही म्हणून शिक्षा कर्मचाऱ्याला, हा न्याय मला मान्य नाही. पुढे मला मानीव दिनांक (म्हणजे कागदोपत्री आधीच्या तारखेपासून पदोन्नती) मिळाला, वेतननिश्चिती झाली, पण मधल्या वर्षांची थकबाकी नाही.

अहवाल लिहिलेले असतील तर प्रतवारी तुम्हाला कळवली होती का तेही बघा. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त (2008) प्रकरणात सांगितलंय, सुखदेव सिंग (2013) मध्ये ते कायम केलंय. आणि "चौकशी चालू आहे" असं तोंडी कोणी म्हणालं तर दोषारोपपत्र बजावलंय का ते विचारा. सीलबंद लिफाफ्याची पद्धत, म्हणजे समितीचा निर्णय चौकशी संपेपर्यंत लिफाफ्यात बंद ठेवणं, त्यानंतरच लागू होते (जानकीरामन प्रकरण, 1991).

आता मुदत, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. तुम्ही राज्य शासनाचे कर्मचारी असाल तर दाद मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), आपल्याला मुंबई खंडपीठ. अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदन देऊन सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. पुढची स्मरणपत्रं ही मुदत वाढवत नाहीत, सी. जेकब (2008) प्रकरणात न्यायालयाने हे अगदी रोखठोक लिहिलंय. म्हणजे तिसऱ्या स्मरणपत्राची वाट बघण्यात तुमचं वर्ष संपू शकतं. पहिल्या निवेदनावरचा आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच शोधा. ती नसेल तर आजच नवीन, सविस्तर निवेदन द्या, पण मुदत त्यामुळे नव्याने सुरू होईल असं धरून चालू नका.

जिल्हा परिषदेचे असाल तर मॅट नाही, उच्च न्यायालय. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूरच्या खंडपीठाकडे जातात, मुंबईची फेरी वाचली.

एक अवांतर. आपल्याकडचे बरेच जण पालघर-ठाण्याची बदली नको म्हणून पदोन्नती लेखी नाकारतात. तसं काही लिहून दिलं असेल तर आधी आठवा, कारण पदोन्नती न मिळालेल्यांना ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेच्या 10, 20, 30 वर्षांच्या लाभावरही त्याचा परिणाम होतो.

तुमच्या पहिल्या निवेदनाची तारीख, कनिष्ठाच्या आदेशाची तारीख आणि खातं राज्याचं की जिल्हा परिषदेचं, एवढं इथे लिहा. मुदत मोजून सांगतो, मग वकिलाकडे जाताना कागद कोणते न्यायचे ते ठरवू.